पुण्यात कूलर घ्यावा का? ओल्या तापमापकाच्या साक्षीने अडीच महिने

यंदा गुढीपाडव्याच्या आधी आठवडाभर आम्ही कूलर आणला. टिळक रस्त्यावरच्या दुकानातून, ९,८०० रुपयांना. टाकी ४५ लिटरची, तीन बाजूंनी हनीकोंब पॅड, वरती बर्फ ठेवायचा कप्पा, खाली चाकं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या बेताचे कूलर सगळ्याच कंपन्या काढतात आणि मला जे सांगायचं आहे ते त्या सगळ्यांना लागू आहे.

आधी घराबद्दल थोडं. आम्ही धायरीत राहतो, चौथ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. सासूबाईंच्या खोलीची भिंत पश्चिमेला आहे. एप्रिलमध्ये दुपारी चारला त्या भिंतीला हात लावला तर चुलीवरून उतरवलेल्या तव्याची आठवण होते, आणि रात्री दहापर्यंत ती भिंत तापलेलीच असते. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. एसीच्या हवेने त्यांचे गुडघे धरतात, म्हणून एसीचा विषय आमच्याकडे कधीच मिटलेला आहे. पंखा मात्र दुपारी बारानंतर गरम हवाच अंगावर टाकतो.

मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे होळी झाली की कूलर पुसून खिडकीत लावायचा हा नेम होता. पत्र्याचा मोठा कूलर, त्यात वाळ्याच्या ताट्या, आणि बाबा सकाळी पाइपने टाकी भरायचे. पारा ४५ च्या वर गेला तरी त्या खोलीत दुपारी चादर ओढून झोपता यायचं. सासूबाई गुहागरकडच्या. त्यांचं म्हणणं, "अगं, हवेत पाणी उडवून कधी गार वाटतं होय? उलट चिकचिक वाढेल." लग्नाला एकतीस वर्षं झाली, तेवढी वर्षं आमचा हा वाद चालू होता आणि दोघींनाही आपलंच खरं वाटत होतं.

दोघींचंही खरंच होतं, आपापल्या गावापुरतं. एप्रिलमधलं पुणं म्हणजे अकोला असतं आणि मेअखेरचं पुणं म्हणजे गुहागर. कूलर घ्यायचा की नाही, घेतला तर कधी लावायचा, याचं सगळं उत्तर यात आहे.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं सहायक होते. भूगोलाच्या तासाला ओला-कोरडा तापमापक लावून द्यायचं काम माझ्याकडे असे. दोन सारखे तापमापक शेजारी टांगायचे. एकाच्या फुग्याभोवती मलमलीची पट्टी गुंडाळायची आणि पट्टीचं टोक पाण्याच्या वाटीत सोडायचं. मलमलीतलं पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला तापमापक कमी आकडा दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितका दोघांतला फरक मोठा. हवेत बाष्प भरलेलं असेल तर पाणी उडायला जागाच नसते आणि दोन्ही आकडे जवळ येतात. सिमला ऑफिसला, म्हणजे आपल्या हवामान खात्याच्या शिवाजीनगरच्या कचेरीत, मुलांना घेऊन गेलो की झडपांच्या पांढऱ्या पेटीत हीच जोडी दिसायची. ते कार्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं म्हणून त्याचं हे नाव, हेही मुलांना तिथेच सांगायचो.

निवृत्त झाल्यावर माझ्याकडे दोन जुने तापमापक राहिले होते. कूलर आला त्या दिवशी ते मी गॅलरीत सावलीला टांगले आणि शेजारी वही ठेवली.

कूलर म्हणजे तरी काय, ती मलमलीची पट्टीच आहे, मोठी केलेली. पंप पॅडवर पाणी सोडतो, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या पॅडमधून ओढतो, पाणी उडतं आणि हवा थंड होते. म्हणून कोणताही कूलर, कितीही महागडा असो, ओल्या तापमापकाच्या आकड्याखाली हवा नेऊ शकत नाही. चांगला कूलर त्या आकड्याच्या दिशेने तीन-चतुर्थांश किंवा थोडी जास्त मजल मारतो. खोक्यावर काहीही छापलेलं असलं तरी हिशेब एवढाच.

१८ एप्रिल, दुपारी तीन. वहीत लिहिलंय: कोरडा ३८, ओला २१. तक्त्यात पाहिलं तर सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावेल त्यातलं किती टक्के बाष्प आहे तो आकडा, २० टक्क्यांच्या आसपास. कूलरच्या तोंडाशी तिसरा तापमापक धरला, तो २५ वर स्थिरावला. तेरा अंशांचा फरक! सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी पदर जरा आवळून घेतला आणि म्हणाल्या, "हे बरं आहे गं. हे अंगाला लागत नाही." माझ्यासाठी या सबंध परीक्षणातलं मोठं प्रमाणपत्र तेच.

पण हे सुख पहिल्या दिवशी मिळालं नव्हतं. कूलर घरी आणून देणाऱ्या मुलाने जाताना बजावलं होतं, "काकू, दारं-खिडक्या गच्च बंद ठेवा, गारवा टिकेल." मीही ऐकलं, अकोल्याची असून. पहिला अर्धा तास छान गेला. तासाभराने उशीचा अभ्रा मऊ पडला, मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी टेबलावर होत्या त्यांना पाणी सुटलं, सासूबाईंच्या मानेवर घाम साचायला लागला. दोन्ही तापमापक आत नेऊन टांगले: कोरडा ३०, ओला २८. खोली बाहेरच्यापेक्षा आठ अंशांनी थंड होती आणि तरी बाहेरच्यापेक्षा नकोशी वाटत होती. कूलर खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा ओढत होता आणि तिच्यात तासभर पाणी भरत होता. पाणी उडायला जागा उरली नाही, तेव्हा गारवाही संपला आणि आमच्या अंगावरचा घामही उडेना.

त्या संध्याकाळी कूलर फिरवला. पाठ गॅलरीच्या उघड्या दाराकडे, तोंड पलंगाकडे, आणि पलंगापलीकडची स्वयंपाकघराकडची खिडकी सताड उघडी. बाहेरची कोरडी हवा आत, ओली झालेली हवा पलीकडून बाहेर. बाबा कूलर खिडकीच्या बाहेरच्या अंगाला का लावत आणि समोरचं दार का उघडं ठेवायला सांगत, ते मला इतक्या वर्षांनी नीट कळलं. एसी आणि कूलर यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. विकणाऱ्यांनी एवढं तरी गिऱ्हाइकाला सांगायलाच हवं. कित्येक लोकांचा कूलर "चालत नाही" तो केवळ या एका चुकीमुळे, असं माझं ठाम मत झालंय.

आता पाण्याचा हिशेब, कारण तो मला सगळ्यात आवडला. मी टाकी १० लिटरच्या बादलीने भरते. एप्रिलमध्ये दुपारी बारा ते सहा, मधल्या वेगावर, २४ लिटर पाणी उडालं. तासाला ४ लिटर. एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला १०० कॅलरी लागतात, पण एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा सुमारे ५८० कॅलरी ओढून नेतं. ४ लिटरचा गुणाकार केला तर तासाला २३ लाख कॅलरी होतात, म्हणजे पाऊण टनाच्या एसीएवढं काम. त्यातला बराच गारवा उघड्या खिडकीतून निघून जातो, हे मान्य. पण कूलरला वीज लागते १७० वॅट. दिवसाला दहा तास चालवला तरी दोन युनिटांच्या आत. दुपारी वीज गेली की घरच्या इन्व्हर्टरवरही तो चालतो, आणि धायरीत ते महत्त्वाचं आहे.

मे महिन्यात मात्र बादल्या कमी लागू लागल्या. हे लक्षात ठेवा: ज्या दिवशी कूलर कमी पाणी पितो, त्या दिवशी तो कमी गारवा देतो. पाणी वाचलं म्हणून बरं वाटून घेऊ नये. मेअखेर तासाला जेमतेम दीड लिटर उडत होतं. तापमापक नसला तरी रिकाम्या होणाऱ्या टाकीवरून हवेची परीक्षा होते.

त्याच गणितात बर्फाचा कप्पा कुठे बसतो ते पाहा. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी घेतो. पाणी उडताना घेतं त्याच्या सातवा हिस्सा. फ्रिजमधले दोन ट्रे बर्फ टाकून पाहिले, पंधरा मिनिटं काही तरी वाटलं, नंतर काही नाही. तो बर्फ करायला फ्रिजने घरातच उष्णता सोडली ती वेगळीच. या कप्प्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

सासूबाईंबद्दल एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण घरात म्हातारं माणूस असलेल्यांना ती उपयोगी पडेल. एप्रिलच्या सुरुवातीला त्या पाणीच पीत नव्हत्या. म्हणायच्या, "मला घाम कुठे येतोय? गुहागरला अंगावरचं लुगडं पिळून काढावं लागायचं." घाम येत होता. पुण्याच्या कोरड्या हवेत तो त्वचेवर दिसायच्या आतच उडत होता. एका दुपारी त्यांच्या हातावरून बोट फिरवलं तर मिठाची बारीक कणी लागली. तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. उडालेला घाम अंग थंड करतो, म्हणून कोरडा उन्हाळा सोसतो, पण शरीरातलं पाणी चाललंय हे कळतच नाही. वयाबरोबर तहानही मंदावते. कोकणात याच्या उलट होतं. घाम येतो, थेंब थेंब खाली गळतो. गळलेला घाम अंगातली उष्णता फारशी नेत नाही, पाणी आणि मीठ तेवढं जातं. माणूस भिजतो आणि तापलेलाही राहतो. ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता ही किनाऱ्यावरची साधी दुपार, पण अमेरिकी हवामान खात्याच्या उष्णता निर्देशांकाच्या तक्त्यात ती ४१ अंशांसारखी जाणवणारी म्हणून लिहिलेली आहे. सासूबाईंनी आयुष्यभर जे सांगितलं ते या आकड्यात आहे.

त्या दिवसापासून दर दोन तासांनी पन्हं, कोकम सरबत किंवा ताक, मीठ घालून. कूलर असो वा नसो. कूलरच्या गारव्यात तहान आणखीच लागेनाशी होते, म्हणून मी घड्याळ लावलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याची हवा पालटू लागली. दुपार अजून कोरडी होती, पण संध्याकाळी सहानंतर पश्चिमेकडून वारा सुटायचा. समुद्र इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. तिथली हवा घाट चढून संध्याकाळी आपल्याकडे पोचते. आपण म्हणतो, "वारा सुटला, बरं वाटलं," आणि वाऱ्याने बरं वाटतंही. पण माझी वही सांगते: १४ मे, संध्याकाळी सात, कोरडा ३३, ओला २५. दुपारी सतराचा असलेला फरक आठवर आला होता. कूलरच्या तोंडाशी २७. अजून ठीक.

या दिवसांत मला एक युक्ती सापडली. दुपारी पंप आणि पंखा दोन्ही चालवायचे, सूर्य बुडाल्यावर पंप बंद करून नुसता पंखा. ओल्या हवेत आणखी पाणी घालण्यापेक्षा अंगाभोवतीची घामाने ओली झालेली हवा हलवणं जास्त उपयोगी पडतं. सासूबाईंनी हे स्वतःहून ओळखलं. रात्री त्याच म्हणायच्या, "आता पाणी बंद कर, वारा राहू दे." या कूलरला पंपाचं बटण वेगळं आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. काही स्वस्त कूलरांना ते नसतं, घेताना बघून घ्या.

रात्रीही बदलल्या. एप्रिलमध्ये पहाटे पांघरूण लागायचं, कारण कोरड्या निरभ्र आकाशाखाली जमीन दिवसभराची उष्णता रात्रीतून सोडून देते. मेच्या शेवटी आभाळ भरून येऊ लागलं, हवेतल्या बाष्पाने ती उष्णता अडवून धरली, आणि पहाटेही गॅलरीतला कोरडा तापमापक २५ च्या खाली उतरेना. दुपारचा पारा ३८ वरून ३५ वर आला होता, बातम्यांत "पुणेकरांना दिलासा" असं येत होतं, आणि आमच्या घरात मात्र झोप उडाली होती. नुसता तापमानाचा आकडा वाचून उन्हाळा कळत नाही, हे या आठवड्याइतकं मला कधीच पटलं नव्हतं.

मग वळीव आला. २८ मे, संध्याकाळी तासभर धो धो. मातीचा वास, सगळी सोसायटी गॅलरीत. रात्री दहाला वहीत: कोरडा २९, ओला २६. फरक तीन. पंप चालू केला, कूलरच्या तोंडाशी कसेबसे २७, आणि दहा मिनिटांत चादर दमट. बंद केला. तेव्हापासून पंप लावलाच नाही.

तक्रारी दोन आहेत. पहिली, पंप तिसऱ्या आठवड्यातच जळला. सेवा केंद्रात फोन केला, "उद्या माणूस येईल" असं नऊ दिवस ऐकलं. एप्रिलची शेवटची दुपार आणि ८१ वर्षांचं माणूस घरात, असे ते नऊ दिवस. शेवटी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले, तीनशे रुपयांना तसाच बुडता पंप मिळाला आणि ह्यांनी तो अर्ध्या तासात बसवला. पंप आला त्या दिवशी सासूबाईंनी दुपारी दोन तास झोप काढली. उन्हाळी वस्तूची दुरुस्ती उन्हाळ्यात वेळेवर होणार नसेल तर ती हमी काय कामाची? मला याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. पंप हा स्वस्त भाग आहे, एक जास्तीचा घरात ठेवा.

दुसरी तक्रार पॅडबद्दल, पण ती कूलरची कमी आणि पाण्याची जास्त. आमच्याकडे मेमध्ये टँकर येतो, पाणी बोअरचं, जड. महिन्याभरात पॅडवर पांढरे क्षार चढले, हवा कमी येऊ लागली. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात, त्यामुळे टाकीतलं पाणी दिवसागणिक आणखी जड होत जातं. रोज भर घालण्यापेक्षा दर तीन दिवसांनी उरलेलं पाणी पूर्ण काढून झाडांना घातलं आणि पॅड लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर भिजवून धुतले, मग हवा पुन्हा मोकळी झाली. आरओचं वाया जाणारं पाणी कूलरला वापरा असा सल्ला पुष्कळजण देतात. नका वापरू. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते फरशी पुसायला ठेवा.

टाकी रिकामी करण्याचं दुसरं कारण डेंग्यू. त्याचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून महापालिका सांगते, त्यात कूलरची टाकीही धरा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, टाकीच्या कडा घासून काढाव्या लागतात, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

वाळ्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. हनीकोंब पॅड जास्त टिकतात, पाणी सारखं पसरवतात, मान्य. पण त्यांना वास नाही. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून वाळ्याची जुडी आणली, मलमलीच्या पुरचुंडीत बांधून टाकीत सोडली. मोकळी सोडू नका, मुळांचे तुकडे पंपात अडकतात. पहिल्या दुपारी खोलीत तो वास पसरला आणि मला बाबांच्या कूलरसमोरची सतरंजी आठवली. वाळ्याने तापमान अर्ध्या अंशानेही उतरलं नाही, मी मोजलं. तरीही पुढच्या वर्षी आणणार आहे.

थोडक्यात सांगायचं तर मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, पाठीमागे उघडी खिडकी असेल तर, या कूलरला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. मेच्या उत्तरार्धात दोन, तेही पंख्याचे. सेवेला शून्य.

मेमध्ये डोंबिवलीहून नणंदेचा फोन आला. आईंनी तिला कूलरचं इतकं कौतुक सांगितलं होतं की तिने दुकान गाठायचंच ठरवलं होतं. "वहिनी, तुझाच मॉडेल नंबर पाठव ना." मी म्हटलं, आधी माझं एक काम कर. औषधाच्या दुकानातून नको, प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून दोन तापमापक आण, एकाला जुन्या मलमलीची ओली पट्टी गुंडाळ, गॅलरीत सावलीला टांग, पुठ्ठ्याने दहा मिनिटं वारा घाल आणि दुपारी तीनचे आकडे मला कळव. तिने सलग तीन दिवस कळवले. तिन्ही दिवस कोरडा ३३, ओला २८.

पाचाचा फरक. सगळं जमून आलं तरी कूलरमधून २९ ची हवा येणार, तीही पाण्याने जड झालेली. तिला नाही म्हणून सांगितलं. तिने त्या पैशांतून झोपायच्या खोलीत मोठ्या पात्यांचा पंखा बसवला आणि पलंग खिडक्यांच्या ओळीत सरकवला. परवा म्हणाली, रात्री बरी झोप लागते.